खिशातला चाकू आणि खारं वारं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्याच्या बाजूला आमची कलमांची रोपवाटिका आहे. आंब्या-काजूची कलमं न्यायला आलेली माणसं टेबलावरचे चाकू बघतात आणि कलमांचं सोडून चाकूंबद्दलच विचारत बसतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. माझ्याकडे घडीचे एक्केचाळीस चाकू आहेत. त्यातले रोज वापरात तीन. बाकीचे वर्षातून दोनदा ऊन खातात.

घरात कोयता आहे, विळी आहे, अडकित्ता आहे. मग खिशातल्या चाकूचं एवढं काय कौतुक?

कौतुक इतकंच, की तो खिशात असतो. कोयता आकडीला लटकवून बागेत जाता येतं, पण बँकेत जाता येत नाही. विळीवर बसायला पाट लागतो. सुतळी कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, पेरू चार फोडींत वाटायचा, पार्सलची चिकटपट्टी काढायची, अशा दिवसभरातल्या वीस कामांना बोटभर पातं पुरतं.

शिवाय घडीचा चाकू आपल्याला नवा नाही. बोरू तासायला जो छोटा चाकू असायचा त्याला कलमतराश म्हणत. पुढे टाक आला, बोरू गेला, कलमतराशही गेला. पण कोकणात दुसरं कलम होतं, झाडाचं, आणि त्याचा चाकू टिकला. माझा पहिला चाकू तोच, वडिलांचा कलमाचा. या विषयात आणखी एक तिसरं कलम आहे, ते पुढे कायद्याच्या प्रश्नात येईल.

पहिला चाकू कोणता घ्यावा?

दोन-अडीच हजारांच्या वर जाऊ नका. या रकमेत जगातले दोन उत्तम चाकू बसतात आणि दोन्ही शंभर वर्षांहून जुने आहेत.

एक, ओपिनेल. फ्रान्समधल्या सॅव्हॉय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये तो बनवला. १८९७ मध्ये १ ते १२ असे आकार ठरले. पुढे १ आणि ११ बंद झाले. बीचच्या लाकडाची मूठ, एक पातं, एक खिळा, एक कडं, संपलं. पात्यावर मुकुट घातलेला हात कोरलेला असतो. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटरचं. तो सगळे घेतात, पण माझ्या मते खिशाला ६ किंवा ७ नंबर बरा. ८ नंबर लेंग्याच्या खिशात आडवा होतो.

दुसरा, व्हिक्टोरिनॉक्स. कार्ल एल्सेनरनं १८८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या इबाखमध्ये कारखाना काढला, १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये आज आपण ओळखतो तो अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला. आई वारल्यावर १९०९ मध्ये तिचं नाव, व्हिक्टोरिया, कारखान्याला दिलं. १९२१ मध्ये गंजरोधक पोलाद आलं, त्याचं फ्रेंच नाव 'इनॉक्स' त्याला जोडलं. यात पन्नास प्रकार आहेत आणि नवखा माणूस हमखास सगळ्यात जाड उचलतो. भिंग, करवत, फाईल, मासा मोजायची पट्टी, सगळं असलेला. महिनाभरात तो कपाटात जातो, कारण खिशात विटेसारखा लागतो. दोन थरांचा घ्या. मोठं पातं, छोटं पातं, डबा उघडायचं, बाटली उघडायचं, पुरे. कात्री हवी असेल तर तीन थर.

खिशात चाकू बाळगणं कायद्यात बसतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर 'हो, पण' असं आहे. मी वकील नाही. मला जे माहीत आहे ते सांगतो.

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत येतात. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत, म्हणून तुमचा कोयता आणि मासे कापायची सुरी बिनघोर. तीन इंची घडीचा चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही.

आता ते तिसरं कलम. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. गणपती, दसरा, निवडणूक, एखादं आंदोलन असलं की पेपरात बातमी येते: जिल्ह्यात मनाई आदेश लागू. त्यात तलवारी, भाले, सोटे, बंदुका, लाठ्या यांच्या रांगेत 'सुरे' हा शब्दही असतो, आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू असंही असतं. आदेश साधारण पंधरा दिवसांचा असतो, पण एक संपला की दुसरा निघतो. त्या काळात बाजारात, मिरवणुकीत, सभेत चाकू नेऊ नका. 'साहेब, पेरू कापायला' हे उत्तर खरं असलं तरी रात्री अकरा वाजता चौकीत ते पटवून देण्यात मजा नाही. मी चतुर्थीच्या आधी खिशातला चाकू काढून कात्रीवाला छोटा, ५८ मिलिमीटरचा, किल्ल्यांना लावतो. विसर्जनाच्या दिवशी तोही घरी.

बटण दाबलं की पातं बाहेर उडणारा, म्हणजे आपल्याकडे ज्याला खटक्याचा चाकू म्हणतात तो, संग्रहातही ठेवू नका आणि बाहेरून मागवू तर मुळीच नका. दिल्लीला जात असाल तर आणखी जपा. तिथे १९८० ची अधिसूचना आहे: बटणाचा, गरारीचा (दातेरी चक्राचा) किंवा स्प्रिंगने उघडणारा चाकू, पातं ७.६२ सेंटीमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद, असा असेल तर पोलीस केस होऊ शकते.

आणि प्रवासात?

विमानात हातातल्या बॅगेत अजिबात नाही, चेक-इनच्या बॅगेत चालतो. चिपी असो वा मोपा, नियम तोच. मुंबईच्या मेट्रोत तपासणीला काढून घेतात. एसटीत आणि कोकण रेल्वेत मी बॅगेच्या तळाशी, कपड्यांत गुंडाळून नेतो. डब्यात कोणी आंबे कापायला चाकू मागितला तर तिथे काढायचा मोह होतो. मी तरी प्लास्टिकच्या सुरीवर भागवतो.

समुद्राजवळ चाकू गंजतो. कोणतं पोलाद घेऊ?

खरा प्रश्न हा. पुण्यातला माणूस धार किती टिकते ते विचारतो, आपण गंज कधी चढतो ते विचारायचं. इथे चाकू आपण निवडत नाही, हवा निवडते. किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पाऊस नसला की खारं वारं. घामानं भिजलेला खिसा हा तिसरा शत्रू.

पोलादात साधारण १०.५ टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं तर पृष्ठभागावर अतिशय पातळ थर धरतो आणि तो पाणी-हवेला अडवतो. मिठातलं क्लोराइड नेमका हाच थर भेदतं. म्हणून 'स्टेनलेस' लिहिलेल्या पात्यावरही सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

मी फसलो ते डी-२ या पोलादात. धार टिकायला उत्तम, किंमत कमी, क्रोमियम जवळपास १२ टक्के. म्हटलं, झालं काम. पण त्यात कार्बन दीड टक्का असतो. तो बरंचसं क्रोमियम स्वतःशी बांधून कठीण कण करतो आणि गंज अडवायला मोकळं क्रोमियम उरत नाही. हे मला श्रावणात कळलं. चाकू उघडताना करकर वाजला, खोलून बघतो तर बिजागरीच्या आत नारिंगी भुकटी. बाहेरून पातं चकचकीत, आत पोखरलेलं.

व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद मऊ आहे, धार लवकर जाते, पण पाच मिनिटांत परत येते आणि गंजाचं नाव नाही. ओपिनेलचं स्टेनलेस, स्वीडनचं १२सी२७, इथे चांगलं चालतं. त्याच घराण्यातलं १४सी२८एन आणखी बरं. पैसे असतील आणि होडीवर जात असाल तर स्पायडर्को कंपनीची 'सॉल्ट' मालिका आहे. तिच्यात आधी येणाऱ्या एच-१ या जपानी पोलादात कार्बन अगदी थोडा आणि त्याच्या जोडीला नायट्रोजन. ते समुद्राच्या पाण्यातही गंजत नाही म्हटलं तरी चालेल. २०२१ मध्ये मॅग्नाकट नावाचं पोलाद आलं. त्यात क्रोमियम कणांत अडकू नये अशीच जुळणी केली आहे, म्हणजे डी-२ च्या दुखण्यावरचा इलाज. पण त्या चाकूच्या किमतीत काजूची चांगली शंभर कलमं येतील. तुमचं तुम्ही ठरवा.

मग कार्बनचं पातं कोकणात घ्यायचंच नाही?

कोणी सांगितलं? मला तेच जास्त आवडतं. फक्त ते रोज वापरायला हवं. कार्बन पात्यानं आंबट कापत राहिलं की त्यावर निळसर-करडा थर चढतो, आणि तो थर तांबड्या गंजाला बराच आवरतो. लोक याला पॅटिना म्हणतात. एप्रिलात आठ-दहा कैऱ्या चिरल्या की पातं पावसाळी आभाळासारखं होतं. पहिल्या दोन कैऱ्यांच्या फोडी काळ्या पडतात, त्या लोणच्याला घेऊ नका, चवीला लोखंड लागतं.

कोकमानंही होतं, पण इथे गफलत होते. आगळ वापरू नका. आगळात मीठ असतं. रात्रभर आगळात बुडवून ठेवलेलं माझं पातं सकाळी तांबडं निघालं. ताज्या रातांब्याची साल पात्यावर घासा आणि अर्ध्या तासानं धुवा.

पावसाळ्यात ओपिनेल उघडतच नाही. बिघडलाय का?

नाही, फुगलाय. बीचचं लाकूड दमट हवेत पाणी पितं, पात्याची खाच आवळली जाते. जुलैत नखानं ओढून ओढून नख तुटेल, पातं हलणार नाही. सॅव्हॉयच्या लोकांनाही हाच त्रास होता आणि त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. कडं मोकळं फिरवून ठेवा, मूठ हातात धरा, आणि बिजागरीच्या विरुद्ध टोकाची टाच टेबलावर ठक्कन आपटा. पातं दोन मिलिमीटर वर येतं, मग चिमटीत धरून काढा. आमच्याकडे ही ठकठक ऐकली की चहा मागायला कोणीतरी येतं.

कायमचा उपाय मे महिन्यात करायचा. चाकू आठवडाभर कडक उन्हात नव्हे, सावलीत वाळवा. खाचेत पॉलिश पेपर दुमडून घाला आणि दोन्ही बाजूंनी किंचित घासा. जास्त घासलंत तर उन्हाळ्यात पातं डुगडुगेल. मग जवसाचं तेल तीन-चार हात, प्रत्येक हातानंतर एक दिवस. खोबरेल तेल लाकडात वाळत नाही, नुसतं चिकट राहतं. माझ्या एका ६ नंबरची मूठ मी सावंतवाडीत फणसाच्या लाकडाची करून घेतली. लाकडी खेळण्यांचं गाव, लाकूड जाणणारे हात. ती मूठ गेले तीन पावसाळे फुगलेली नाही आणि पिवळा रंग आता मधासारखा झालाय.

लॉक असलेला घ्यावा की बिनलॉकचा?

टोचायचं, भोसकायचं काम नसेल तर लॉक लागतच नाही. बिनलॉकच्या चाकूत पाठीच्या स्प्रिंगचा दाब पातं धरून ठेवतो. व्हिक्टोरिनॉक्सचे नेहमीचे सगळे असेच. पात्याच्या पाठीवर जोर देऊ नये एवढं हाताला शिकवायचं.

लॉक हवाच असेल तर ओपिनेलचं फिरतं कडं मला सगळ्यात सोपं वाटतं. ते १९५५ पासून आहे आणि त्यात बिघडण्यासारखं काही नाही. पाठीत लॉक असलेला बक ११० हा अमेरिकन चाकू, १९६४ पासूनचा, संग्रहात देखणा दिसतो. पण दोनशे ग्रॅमचं वजन लुंगीला झेपत नाही, आणि त्याचं पितळ आमच्याकडे महिन्यात हिरवं पडतं. आतल्या पत्र्यानं अडकणारा लायनर लॉक एका हातानं मिटतो हा फायदा, पण रेती आणि माशाचे खवले नेमके त्याच फटीत जाऊन बसतात. होडीवर नको.

कोणत्या कामाला कोणता चाकू?

नारळ: कोणताच नाही. शहाळं चाकूनं उघडायला जाणाऱ्यांच्या तळहातावर टाके बघितले आहेत. कोयता घ्या किंवा ज्याच्याकडे कोयता आहे त्याला सांगा.

मासे: घरी विळी. होडीवर जाळ्यात अडकलेली नायलॉनची दोरी कापायला करवती दातांचं पातं, आणि टोक बोथट. बोथट टोकाची रीत खलाशांची फार जुनी आहे, कारण हलत्या होडीत टोकदार चाकू दोरीपेक्षा मांडीत आधी जातो. मुठीला भोक हवं, त्यात दोरी, दोरी मनगटाला. समुद्रात पडलेला चाकू परत येत नाही. माझा एक मालवणच्या जेटीखाली आहे.

फणस: घडीचा चाकू वापरायचाच तर आधी पात्याला आणि बोटांना तेल लावा, आणि चीक बिजागरीत जाऊ देऊ नका. गेला तर पाण्यानं निघत नाही, उलट घट्ट होतो. रॉकेलच्या बोळ्यानं पुसा, मग साबण. बरका फणस हातानं फुटतो, त्याला चाकू दाखवूच नका.

काजू: बोंडू कापायला हरकत नाही, रसानं पातं काळं पडेल एवढंच. ओली बी फोडायला खिशातला चाकू नको. टरफलातलं तेल कातडी सोलून काढतं, आणि तेच तेल मुठीला लागलं की दुसऱ्या दिवशी पेरू खाताना ओठाला लागतं.

कलम: इथे मात्र कलमाचाच चाकू. पावसाच्या सुरुवातीला कोयीतून आलेलं रोप तांबूस, कोवळं असतं. ते शेंड्याकडून आडवं कापायचं, मधोमध उभी चीर द्यायची, आणि कलमकाडीच्या, म्हणजे जातिवंत झाडाच्या डहाळीच्या, टोकाला दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन चार-एक सेंटीमीटरची पाचर करायची. काप एकाच ओढीत, आरशासारखा सपाट. दोन ओढी झाल्या की मध्ये उंचवटा राहतो, तिथे हवा राहते, कलम जगत नाही. म्हणूनच या चाकूची धार एकाच बाजूनं असते; दुसरी बाजू सपाट, लाकडावर टेकून सरकते. डावखुऱ्यांसाठी उलट बाजूचा मिळतो, तो मागून घ्यावा लागतो. जर्मनीच्या टीना कंपनीचे कलमचाकू या धंद्यात सोन्यासारखे जपतात. त्यानं फळं कापलीत तर आमच्या रोपवाटिकेत शिव्या खाल.

धार कशी लावायची? सायकलवरच्या धारवाल्याकडे देऊ का?

कोयता द्या, चाकू देऊ नका. फिरत्या चाकावर ठिणग्या उडतात म्हणजे पातळ कड तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. पुन्हा धार टिकत नाही.

एक हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्या. पात्याची पाठ दगडापासून किती उचलायची? पात्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश; म्हणजे अठरा मिलिमीटर रुंद पात्याला सहा मिलिमीटर. हा वीस अंशांचा कोन झाला. एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोट आडवं फिरवलं की उलटलेली खरखरीत किनार लागेल. ती टाचेपासून टोकापर्यंत लागली की बाजू बदला. नवखे इथेच घाई करतात, किनार यायच्या आत बाजू बदलतात आणि तासभर घासूनही चाकू बोथट तो बोथट. शेवटी हलक्या हातानं ती किनार काढून टाका आणि जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेनं दहा वेळा ओढा.

दगड नसेल तर लोणच्याची चिनी मातीची बरणी पालथी घाला. बुडाला चकाकी नसलेलं खरखरीत कडं असतं, ते बारीक दगडाचं काम करतं. बरणी रिकामी आहे ना, हे आधी बघा. जांभा दगड मात्र चाकूला लावू नका, तो कोयत्याचा.

संग्रह ठेवायचा कसा? कपाटातच गंजतात.

चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तेही धरतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे दाणे मिळतात. रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. पात्याला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, बोटभर कापडानं, दिसेल न दिसेल इतकं. ते पोटात गेलं तरी बाधत नाही, खवट होत नाही. खोबरेल तेल थंडीत गोठतं आणि बिजागरीत मेण होऊन बसतं. बिजागरीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, जादा पुसून.

माझी पाहणी वर्षातून दोनदा: मेच्या अखेरीस आणि खंडेनवमीला. खंडेनवमीला कोयता, पहार, कात्री यांच्याबरोबर चाकूही पाटावर येतात, झेंडू येतो. पण ओलं हळदकुंकू पात्यावर रात्रभर राहिलं तर सकाळी त्याच आकाराचा डाग असतो. आमच्या एका चाकूवर अजून पाच बोटं दिसतात. आता मुठीलाच लावतो.

जुने चाकू कुठे मिळतात?

माळ्यावर. कोकणातल्या जुन्या घरांत ट्रंका आहेत, आणि बऱ्याच घरांतून कोणीतरी बोटीवर होतं. खलाशांनी हॅम्बुर्ग, कोबे, लिव्हरपूलहून आणलेल्या वस्तूंत चाकू हमखास असतो. झोलिंगेनचा शिक्का दिसला तर जर्मन. तारा आणि माल्टीज क्रॉसची खूण दिसली तर शेफिल्डचा जोसेफ रॉजर्स. पितळी पातळ मूठ आणि पात्याला शेपटीसारखा पत्रा असेल तर जपानचा हिगोनोकामी. त्याला लॉक नसतो, शेपटीवर अंगठा दाबून धरायचा. असा चाकू मिळाला तर आधी पॉलिश करू नका! शिक्का घासला गेला की ओळख गेली. तेलात दोन दिवस बुडवून ठेवा आणि टूथब्रश फिरवा.

मूठ शिंगाची असेल तर थांबा. म्हशीचं शिंग चालतं. सांबर-चितळाचं असेल किंवा हस्तिदंत असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे त्याची खरेदी-विक्री करता येत नाही. घरातला असला तरी कोणाला विकायला काढू नका.

नकली कसा ओळखायचा?

मिटताना ऐका. अस्सल स्विस चाकू टक् असा एकच, कोरडा आवाज करतो. नकली दोनदा कुरकुरतो. मिटलेला चाकू उजेडासमोर धरा: थरांमध्ये फट दिसू नये. मुठीवरची क्रॉसची खूण छापलेली नसते, बसवलेली असते. बोटाला लागत नाही, पण नखानं खरवडून निघतही नाही. पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव बारीक पण स्पष्ट असतं. पर्यटनाच्या गावांत किनाऱ्यावर तीनशे रुपयांना मिळतो तो काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत असतं.

रामपुरी आहे का तुमच्याकडे?

आहे, एक, छोटा, बिनखटक्याचा. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचं काम खरंच देखणं असायचं, सिनेमानं त्याला बदनाम केलं. दाखवतो, पण घराबाहेर नेत नाही.

मुलाच्या हातात चाकू कधी द्यावा?

तो स्वतःहून नीट बसून काम करू लागला की. वय प्रत्येकाचं वेगळं. ओपिनेलचा गोल टोकाचा ७ नंबर मुलांसाठीच आहे. माझ्या मुलीला तो आठव्या वर्षी दिला आणि पहिले दोन महिने फक्त साबणाच्या वड्या कोरायला लावल्या. बोट कापलं एकदा. माझंच, तिला शिकवताना.

चाकू भेट द्यावा का? भांडण होतं म्हणतात.

आमची आजी म्हणायची, "हातात दिव नको, खाली ठेय." चाकू, मिरची, मीठ हातात द्यायचं नाही. भांडणाचं माहीत नाही, पण उघडा चाकू हातातून हातात जात नाही हे चांगलंच. मी भेट देतो, डबीत घालून टेबलावर ठेवतो, समोरचा उचलतो. आजीचंही राहतं.

किती झाले की पुरे म्हणायचं?

हे आमच्या घरी विचारू नका.

तुमच्या खिशात आत्ता कोणता?

डाव्या खिशात व्हिक्टोरिनॉक्सचा कॅडेट, ८४ मिलिमीटरचा, ॲल्युमिनियमच्या खरखरीत मुठीचा. ओल्या हातात घसरत नाही आणि शर्टाच्या खिशातही मावतो. कामाच्या पिशवीत वडिलांचा कलमाचा चाकू. पातं धार लावून लावून मूळच्या निम्म्यावर आलंय, मिटलं की मुठीत दिसतही नाही. त्यानं आता हंगामातली पहिली दहा कलमं बांधतो, बाकीची नव्यानं. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत फणसाच्या मुठीचा ६ नंबर. तो माझा आहे असं मी समजतो. तो रोज कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा कापताना दिसतो.

यातला एखादा विकणार का?

नाही. कलमं हवी असतील तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात या. येताना गाडीत प्लास्टिक अंथरून आणा, पिशव्यांतली माती सांडते.